पाचव्या रकान्यापासून सोळाव्यापर्यंत

आधी माझ्याबरोबर एक भिंत डोळ्यांसमोर आण. साधी, पांढरी, वर्गाबाहेर असते तशी. तिच्यावर एका रांगेत बारा खुंट्या ठोकल्या आहेत आणि प्रत्येक खुंटीला एकेक पिशवी अडकवली आहे. पिशवीवर नाव शिवलेलं आहे, पण आतल्या बाजूनं. बाहेरून दिसतो तो फक्त खुंटीवर रंगवलेला आकडा. एक, दोन, तीन, असं करत बारापर्यंत.

आता समज, तुला प्रत्येक पिशवीतले चेंडू मोजायचे आहेत. नावानं काम करायचं म्हटलं तर बारा वेळा सांगावं लागेल. अमक्याची पिशवी काढ, मोज, परत अडकव. तमक्याची काढ, मोज, अडकव. सांगणाऱ्याचंही डोकं उठेल आणि ऐकणाऱ्याचंही. त्यापेक्षा एकदाच सांगावं, ‘एक ते बारा, जी खुंटी येईल तिच्यावरची पिशवी काढ, मोज, अडकव.’ एका वाक्यात काम फत्ते.

आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी हीच युक्ती वापरतात. तिथे पिशव्यांच्या जागी रकाने असतात आणि अशा नंबर दिलेल्या रांगेला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. युक्ती फार छान आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेव. कॉम्प्युटर खुंटीचा आकडा वाचतो, पिशवीच्या आतलं नाव वाचत नाही. दुसऱ्या खुंटीवर जी पिशवी असेल ती त्याच्या लेखी दुसरी. ती तिथे कोणी अडकवली, बरोबर अडकवली का, हे तो विचारत नाही. तो आज्ञाधारक आहे, शहाणा नाही.

एवढं कळलं असेल, तर आता भिंत सोड आणि एका मुलीकडे बघ.

ती अकरा वर्षांची होती, सहावीत. तिची आत्या तिला ‘प्रश्नावली’ म्हणायची. आत्या आरोग्य कचेरीत आकडेवारीचं काम करायची, म्हणून तिचे विनोदही तसलेच. लोकांना विचारायच्या प्रश्नांच्या कागदाला प्रश्नावली म्हणतात आणि ही मुलगी म्हणजे चालताबोलता तसला कागद. पुढे नाव घासून घासून ‘प्रश्नी’ एवढंच उरलं. घरात प्रश्नी, तिची आई आणि आत्या. बाबा दूरच्या गावी कामाला. आई बेकरीत पॅकिंगला होती, ती सहाला सुटायची. म्हणून शाळा सुटली की प्रश्नी आत्याच्या कचेरीत जाऊन बसायची. दुसरा मजला, खिडकीशेजारचं टेबल.

प्रश्नीची शाळा एका टेकडीच्या पायथ्याशी होती आणि रस्त्यापलीकडे, टेकडीला खेटून, खडी फोडायचं मशीन होतं. दिवसभर दगड चिरडायचं. त्या बाजूच्या खिडक्यांच्या कट्ट्यावर सकाळी पुसलं तरी दुपारी बोटानं चित्र काढता येईल एवढी राखाडी धूळ बसायची. बाई शिकवताना मधेच थांबायच्या, मशीनचा मोठा दगड फुटून जायची वाट बघायच्या आणि मग वाक्य पुरं करायच्या. मुलांना त्याची इतकी सवय झाली होती की तीसुद्धा बोलता बोलता मधेच थांबायची, घरी गेल्यावरही.

त्या वर्षी मशीनचा परवाना संपत आला. नवा परवाना द्यायचा की मशीन टेकडीच्या पलीकडे हलवायला सांगायचं, हे ठरवायला एक समिती बसली. समितीनं आरोग्य कचेरीला सांगितलं, मुलांचा श्वास मोजा. मशीन तेव्हा दुरुस्तीसाठी महिनाभर बंद राहणार होतं, मग पुन्हा सुरू होणार होतं. म्हणजे चार सोमवार मशीन बंद असताना मोजायचे आणि आठ सोमवार चालू असताना. श्वास कमी झाला तर मशीन जाईल. नाही झाला तर परवाना, तीन वर्षांचा.

दर सोमवारी नर्सताई एक प्लास्टिकची नळी घेऊन यायच्या. नळीत जोरात फुंकलं की आतला लाल काटा पुढे सरकायचा. तो जिथे थांबेल तो आकडा नर्सताई लिहून घ्यायच्या आणि लगेच काटा मागे ढकलायच्या. मुलांना आकडा सांगायच्या नाहीत. सांगितला की पैजा लागतात, आणि पैजा लागल्या की मुलं लबाडी करतात.

वर्गातल्या एका मुलीला सगळे ‘शिट्टी’ म्हणायचे. ती धावली की तिच्या छातीतून बारीक शीळ ऐकू यायची. ती प्रश्नीच्याच बाकावर बसायची. स्वतःच्या नावावर ती स्वतःच हसायची. “मी आले की लांबूनच कळतं. दार वाजवायला नको,” असं म्हणायची. हजेरीत तिचा नंबर एकतीस.

बारा सोमवार झाले. आकडे आत्याकडे गेले. समितीला अहवाल गेला. आणि एके दिवशी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी एक पत्र वाचून दाखवलं. मशीन सुरू झाल्यावर मुलांचा श्वास कमी झालेला नाही, उलट थोडा वाढलाच आहे. सबब परवाना मंजूर.

“आता खोकल्याचं कारण सांगून कोणी घरी राहायचं नाही,” मुख्याध्यापक म्हणाले. “मोठ्या माणसांनी मोजून सांगितलंय.”

त्यांचंही काय चुकलं? मोठ्या माणसांनी मोजलंच होतं.

त्या दिवसापासून शिट्टीचे दिवस फिरले. खेळाच्या तासाला ती अर्ध्या फेरीत थांबली, की खेळाचे सर टाळ्या वाजवत ओरडायचे, “एकतीस नंबर! विज्ञान म्हणतं तुझा दम वाढलाय, आणि तू म्हणतेस संपला. कुणाचं खरं धरू?” सर दुष्ट नव्हते. त्यांना वाटत होतं, हिला चेव आणला तर ही धावेल. मुलांना मात्र आयतं निमित्त मिळालं. शिट्टीचं नाव बदलून ‘नाटकमंडळ’ झालं.

एकदा डब्याच्या सुट्टीत शिट्टी प्रश्नीला म्हणाली, “मी नीट फुंकत होते गं.”

“मला माहीत आहे.”

“नाही, खरंच. पार पोटातून.” मग डब्याचं झाकण लावत, “की नव्हते? मला आता आठवतच नाही. कधी कधी वाटतं, मी उगाच थांबते. आणखी थोडं पळता येत असेल.”

प्रश्न विचारणं प्रश्नीला जमायचं. हा प्रश्न तिचा नव्हता.

आता कचेरीत चल. बुधवार, दुपारचे साडेचार. आत्या काम करते आहे आणि प्रश्नी गणितं सोडवते आहे. कच्च्या कामासाठी आत्या तिला एका बाजूनं छापलेले जुने कागद द्यायची. प्रश्नीनं एक कागद पालथा केला, भागाकार मांडला, तो चुकला, म्हणून कागद पुन्हा उलटला. छापील बाजूला आकड्यांच्या ओळीच ओळी होत्या. डावीकडे हजेरी नंबर, पुढे बारा रकाने. खरं तर तो कागद कधीच फाडून टाकायला हवा होता. राहून गेला होता.

“आत्या, हा ठिपका म्हणजे काय?”

“कुठला?”

“एकतीस नंबरच्या ओळीत. सगळीकडे आकडे आहेत आणि इथे नुसता ठिपका.”

“गैरहजर. आकडाच नाही, म्हणून ठिपका. आणि तो कागद इकडे दे, तुझ्या बघण्याचा नाही.”

प्रश्नीनं कागद दिला नाही. तिनं बोटानं रकाने मोजले. एक, दोन.

“पण शिट्टी दुसऱ्या सोमवारी आली होती.”

“अगं, चार-पाच महिने झाले त्याला. तुला काय आठवतंय?”

“आठवतंय ना! तिनं इतक्या जोरात फुंकलं की नर्सताईंच्या चष्म्यावर थुंकी उडाली. सगळा वर्ग हसला. नर्सताई पण हसल्या. म्हणाल्या, दुसऱ्याच आठवड्यात मला आंघोळ घातलीस.”

आत्याही हसली. “बरं बाई. मग तिसऱ्या सोमवारी नसेल आली.”

“ती एकदाच नव्हती आली. दहाव्या. दवाखान्यात होती, सलाईन लावलं होतं. मी तिला वही द्यायला गेले होते ना? तूच तर सोडलंस मला.”

“दहाव्या,” आत्या म्हणाली.

ती आधी हसतच म्हणाली. मग तिनं तोच शब्द पुन्हा म्हटला आणि या वेळी ती हसत नव्हती. तिनं खुर्ची पुढे ओढली, एक फाइल उघडली आणि रकान्यांच्या डोक्यावरची नावं वाचायला लागली. प्रश्नी तिच्या खांद्यावरून बघत होती. पहिल्या चार रकान्यांत हजेरी नंबर, वय, उंची, वजन. पाचव्यात ‘फुंक१’. सहाव्यात ‘फुंक१०’. सातव्यात ‘फुंक११’. आठव्यात ‘फुंक१२’. त्यानंतर ‘फुंक२’.

“दोनच्या आधी दहा कसे आले?” प्रश्नीनं विचारलं.

तू शब्दकोश उघडून बघितलास की तुलाही कळेल. तिथे शब्द केवढा मोठा आहे हे कोणी बघत नाही, पहिलं अक्षर काय ते बघतात. पहिलं सारखं असेल तर दुसरं. कॉम्प्युटरला नावं ओळीनं लावायला सांगितली की तो तसंच करतो. दहा, अकरा आणि बारा या तिघांची सुरुवात एकनं होते. म्हणून ते तिघे एकच्या मागोमाग येऊन बसतात आणि बिचारा दोन पाचव्या जागेवर जातो.

ओळीनं लावायला सांगितलं होतं समोरच्या टेबलावरच्या कारकुनांनी. त्यांना सगळे पाठीमागे ‘टापटीप’ म्हणायचे. त्यांच्या पेन्सिली उंचीप्रमाणे उभ्या असायच्या. नर्सताईंचे कागद चार गठ्ठ्यांत, उलटसुलट आले होते. आधी सातवा-आठवा सोमवार, मग तिसरा, असे. ते सगळे एका फाइलमध्ये घातल्यावर टापटीपांना ते बघवेना. त्यांनी एक बटण दाबलं आणि सोमवारांचे रकाने नावानं ओळीत लावून टाकले.

“मी फक्त नीट केलं हो,” ते जागेवरून उठून उभे राहिले होते. “फार अस्ताव्यस्त होतं.”

“तुम्ही नीटच केलंत, काका,” आत्या म्हणाली. “बघायला हवं होतं ते मी.”

आणि ते खरं होतं. आत्यानं प्रोग्राम लिहिला तेव्हा तिच्याकडे सरावाची छोटी फाइल होती. तिच्यात रकाने बरोबर होते, एक ते बारा. अ‍ॅरे बनवताना बारा नावं एकेक करून लिहिता येतात, किंवा ‘पाचव्या रकान्यापासून सोळाव्यापर्यंत’ एवढंच लिहिता येतं. नव्या शिकाऊ पोरांना आत्या स्वतः बजावायची, “नावं लिहा. हात दुखले तरी चालतील.” त्या दिवशी तिनं स्वतः नावं लिहिली नाहीत. सरावाची फाइल होती, बदलता येईल म्हणाली. सगळं कागद-पेन्सिल घेऊन तपासलं, डोळ्यांत तेल घालून तपासलं, आणि ते बरोबर आलं. खरी फाइल आली गुरुवारी. अहवाल द्यायचा होता शुक्रवारी. प्रोग्राम तोच, फाइल नवी.

म्हणजे काय झालं, बघ. प्रोग्रामला सांगितलं होतं, पहिल्या चार खुंट्या म्हणजे मशीन बंद असतानाचे सोमवार. त्या चार खुंट्यांवर होते पहिला, दहावा, अकरावा आणि बारावा सोमवार. दीड-दोन महिने धूळ खाऊन मुलं दमली होती ते शेवटचे तीन आठवडे ‘आधी’ म्हणून मोजले गेले. आणि शांत, स्वच्छ दिवसांतले दुसरा, तिसरा, चौथा सोमवार ‘नंतर’ म्हणून. ‘आधी’ची सरासरी आली दोनशे सत्तर, ‘नंतर’ची दोनशे एक्याण्णव. श्वास वाढला!

आत्याला तेव्हाही ते खटकलं होतं. ती साहेबांकडे गेलीही होती. साहेब म्हणाले, “सवय, बाई. बारा आठवडे फुंकून पोरं पटाईत झाली.” सवयीनं आकडा वाढतो, ही गोष्ट खोटी नाही. म्हणून आत्यानं मान हलवली आणि सही केली.

आता तिनं बाराही नावं लिहिली. फुंक१, फुंक२, फुंक३. प्रश्नी मोठ्यानं वाचत होती, आत्या टाइप करत होती. मग बटण दाबलं. चार सेकंदसुद्धा लागले नाहीत. आधी तीनशे दोन. नंतर दोनशे पंच्याहत्तर.

चौसष्ट मुलांच्या छातीतून सरासरी सत्तावीस आकडे गेले होते आणि दर सोमवारी थोडे थोडे जात होते. आलेख जिना उतरल्यासारखा उतरत होता.

“म्हणजे शिट्टी खोटं बोलत नव्हती,” प्रश्नी म्हणाली.

आत्यानं प्रश्नीच्या हातातला तो कागद घेतला आणि एकतिसाव्या ओळीवर अंगठा ठेवून बसून राहिली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बैल गेला आणि झोपा केला,” ते म्हणाले. “परवाना निघून एकेचाळीस दिवस झाले. हरकत घ्यायची मुदत तीस दिवसांची असते.”

“पण सर, मोजणीच चुकली आहे. हरकत नाही ही.”

“मला कळतंय हो. चला, जाऊन तर बघू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आणि साहेब समितीच्या अध्यक्षबाईंकडे गेले. शाळेला अर्धी सुट्टी होती, म्हणून प्रश्नीही बरोबर होती. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, पण दार पुरतं लागत नव्हतं. अध्यक्षबाई म्हाताऱ्या होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं. आत्याचे दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून बघितले. अ‍ॅरे म्हणजे काय ते विचारलं, नीट समजून घेतलं. एकदाही आवाज चढवला नाही. प्रश्नीला वाटलं, झालं काम.

“तुमचं म्हणणं बरोबर आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मला पटलं. पण निकाल दिला की समिती संपते, बाई. मी आता कोणाची अध्यक्ष नाही. माझ्याकडे फक्त या खोलीची किल्ली राहिली आहे, तीही सोमवारी द्यायची आहे.”

“मग कोणाकडे जाऊ?”

“अर्ज करा, वर. मी शिफारस लिहून देते. पण वरचे लोक काय म्हणतील ते आत्ताच सांगते. तीन वर्षांनी परवाना संपेल, तेव्हा नवी समिती बसेल, तिच्यापुढे हा कागद ठेवा.”

“तीन वर्षांनी ही मुलं या शाळेत नसतील.”

अध्यक्षबाईंनी दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले, कडा जुळवल्या आणि आत्याला परत दिले. “नवी असतील,” त्या म्हणाल्या. हे बोलताना त्यांचा चेहरा इतका पडला होता, की आत्यालाच त्यांची दया आली.

जिना उतरताना साहेब म्हणाले, “अर्ज मी आजच पाठवतो. पण एक ऐका. उत्तर येईपर्यंत बाहेर एक शब्द बोलायचा नाही. आपली मोजणी चुकली हे पसरलं, तर उद्या आपण पाणी दूषित आहे म्हणून सांगू आणि लोक हसतील. तुमची नोकरी राहिली बाजूला, कचेरीवरचा विश्वास जाईल.” आणखी दोन पायऱ्या उतरून ते म्हणाले, “आणि नोकरीही बाजूला राहणार नाही, ते वेगळंच.”

साहेबांचं बोलणं धमकीसारखं वाटलं तरी त्यात तथ्य होतं, आणि तथ्य असलेल्या बोलण्यावर चिडताही येत नाही.

घरी आई भांडी विसळत होती. आत्यानं तिला सगळं सांगितलं. आई मधे मधे नळ बंद करून ऐकत होती.

“मग शाळेत जाऊन सांगा की, ताई.”

“सांगून मशीन थांबणार आहे का, वहिनी? नाही थांबणार. मुदत गेली. फक्त मी घरी बसेन.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तरी मशीन थांबणार नाही.”

आईनं नळ पुन्हा सोडला. पुष्कळ वेळ एकच पातेलं ती घासत राहिली. “मला वाटलं होतं, तुमच्यासारखी शिकले असते तर असं हातावर हात धरून बसायची पाळी आली नसती,” ती शेवटी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत आलं होतं.

आत्या हसली. रडू येत असताना माणसं हसतात, तशी. मग तिनं प्रश्नीकडे बघितलं. प्रश्नी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“विचार,” आत्या म्हणाली. “तुझ्या तोंडावर दिसतंय.”

“शिट्टीला सांगू का?”

बारा खुंट्या, रकाने, सरासरी, हे सगळं या मुलीला समजावून देणं आत्याला सोपं गेलं होतं.

“बोलू नकोस असं मी तुला सांगणार नाही,” ती म्हणाली. “बोल, असंही माझ्या तोंडून निघत नाही. मला दोन्ही जमत नाहीये, बाळा.”

“पण तू मोठी आहेस.”

“हो ना,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिसरा तास खेळाचा होता. मैदानाच्या कडेची झाडं राखाडी झाली होती, पानं वळवून बघितली तरच हिरवी. सरांनी तीन फेऱ्या सांगितल्या. पहिल्या फेरीतच शिट्टी मागे पडली, दुसऱ्या फेरीत नळापाशी थांबली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. तिच्या छातीतला तो बारीक आवाज मशीन चालू असतानाही ऐकू येत होता.

“एकतीस नंबर!” सरांनी टाळी वाजवली. “झालं सुरू? विज्ञानाला खोटं पाडतेस?”

“नाटकमंडळ!” कोणीतरी धावता धावता ओरडलं. चार-पाच जण हसले. शिट्टी ताठ उभी राहिली आणि पुन्हा पळायला लागली. चार पावलं टाकून थांबली. तिनं सरांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. माफी मागितल्यासारखं होतं ते.

प्रश्नी तेव्हा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होती. ती वळली. फेरी पुरी न करता मैदानाच्या मधोमध तिरपी चालत आली आणि सरांसमोर उभी राहिली.

“सर, मोजणी चुकली होती.”

“काय?” मशीनमध्ये मोठा दगड फुटत होता. सर खाली वाकले. “कोण म्हणतं?”

प्रश्नीला आत्याचा चेहरा आठवला. आई आठवली, घासलेलंच पातेलं पुन्हा घासणारी. अजून वेळ गेली नव्हती. ‘काही नाही सर’ म्हणून परत पळता आलं असतं. तिनं दगड फुटून जायची वाट बघितली.

“ज्यांनी केली त्याच म्हणतात. माझी आत्या. शेवटचे सोमवार आधी धरले गेले. सगळ्यांचाच दम कमी झालाय सर, तुम्ही कुणालाही पळवून बघा.”

सरांनी तिच्याकडे बघितलं, रस्त्यापलीकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. “मग आता मशीन बंद होणार?”

“नाही.”

“मग मी काय करू?” सर म्हणाले. ते तिला रागावत नव्हते. तिलाच विचारत होते.

प्रश्नी नळापाशी गेली, शिट्टीच्या शेजारी मातीत मांडी घालून बसली आणि तिला हाताला धरून खाली बसवलं. मुलं फेरी मारून त्यांच्यासमोरून जात होती, काही थांबून बघत होती.

“ऐक,” प्रश्नी म्हणाली. “एकदा तू नव्हतीस. बाकी अकराच्या अकरा वेळा तू नीट फुंकलंस. मी कागद बघितलाय.”

आणि शिट्टीचा श्वास जागेवर येईपर्यंत, ती तिला एकेक सोमवार सांगत राहिली.